पाण्यात उकळलेली धायटी

माय, तुझ्या काढ्याची परीक्षा मीच घेतली. निकाल पाहायचा होता त्या दिवशी सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. कुडव्याच्या घरून कॉलेजला निघाले, रेल्वे फाटकापाशी थांबले, आणि मागचा गाडीवाला "मॅडम, आगे बढ़ो ना" म्हणाला तेव्हा कुठे फाटक उघडल्याचं मला कळलं. तू गेलीस तेव्हा मी अजून शिकत होते, म्हणून सांगते. मी आता गोंदियाच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डोळ्यांना न दिसणारे जीव काचेच्या ताटलीत वाढवायचे आणि ते कशानं मरतात ते पाहायचं, असं माझं काम. बायकांच्या अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, त्यामागे बरेचदा यीस्ट नावाची एक बुरशी असते. आपल्याकडच्या झाडपाल्याचा तिच्यावर काही परिणाम होतो का, हे तपासायचं माझ्या विद्यार्थिनींनी ठरवलं. त्यांनी कडुनिंब घेतला, बेहडा घेतला. धायटी मी सुचवली. का सुचवली ते त्यांना सांगितलं नाही.

केशोरीच्या आपल्या घरात चुलीवर जर्मनचं मोठं पातेलं, तुझा तो गंज, चढवलेलं असायचं. त्यात जंगलातून आणलेली धायटीची लाल फुलं. बाया पुढच्या दारानं येत नसत. मागच्या परसातून, सांदवाडीतून यायच्या, कोणी दिसलं तर मिरची मागायला आले म्हणायच्या. तू त्यांना चुलीजवळ बसवतेस आणि भाजीचा भाव विचारावा तसं विचारतेस, "खाज हाय का? वास येते का?" त्या खाली मान घालून हो म्हणतात. मग तू काढा गाळून देतेस आणि कोमट असतानाच धुवायला सांगतेस. एकदा एक बाई गेल्यावर मी अंगणातूनच ओरडून विचारलं होतं, "माय, तिले काय झालं?" तू हातातला चिमटा माझ्याकडे रोखलास. "बाईचं दुखनं चौकात नेत नाही. उद्या तुह्यावर आलं तं?" शिकायला गोंदियाला निघाले तेव्हा माझ्या कपड्यांच्या तळाशी तू त्याच फुलांची पुरचुंडी ठेवली होतीस. तिथं मलाही ती वापरावी लागली, आणि बरंही वाटलं होतं. म्हणूनच निकालाची इतकी धास्ती होती.

आणखीही एक कारण होतं. तू गेल्यावर तो गंज तुझ्या धाकट्या लेकीनं उचलला. तिला गावातच दिलेली, त्यामुळे बाया आपसूक तिच्या दारी जाऊ लागल्या. पण या वर्षी तिचं स्वतःचंच खाजेचं दुखणं हटेना. थोडं बरं वाटायचं आणि परत सुरू. फोनवर मी डॉक्टरचं नाव काढलं की ती म्हणायची, "बाई, कायले जाऊ? मायच्या काढ्यानं धुऊन रायलो ना मी." आवाज मात्र थकलेला असायचा.

ताटलीवर बुरशी सायीसारखी पसरते. तिच्यात बारीक खळगे करून त्यांत औषध घालायचं. औषध लागू पडलं तर खळग्याभोवती स्वच्छ गोल उमटतो. दवाखान्यातल्या औषधाभोवती मोठा गोल उमटला होता. धायटी अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेल्या अर्काभोवतीही बारीकसा दिसला. पण तुझ्या पद्धतीनं पाण्यात उकळलेल्या धायटीभोवती काहीच नव्हतं. साय थेट खळग्याच्या काठापर्यंत आलेली. "मॅडम, पानीवाला तो फेल हो गया," एक विद्यार्थिनी म्हणाली. मी ताटली खिडकीकडे नेऊन उजेडात धरली. परत सगळं नव्यानं लावायला सांगितलं. परत तेच आलं.

त्यानंतरच्या रविवारी मी केशोरीची बस धरली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. धाकटी धान वाळवत बसली होती. मी जमेल तसं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे माय खोटी होती म्हणतेस?"

"खोटी नव्हती. कोमट पाण्यानं आराम पडत असेल. पण दुखण्याचं मूळ मरत नाही."

"एवढ्या बाया काय उगाच येत रायल्या?"

ती उठून आत गेली, माठातलं पाणी प्यायली. बाहेर येऊन बसली आणि थोड्या वेळानं परत पाण्यासाठी उठली. मी विचारलं, "इतकी तहान काऊन लागते तुले?"

"काय मालूम. उन्हाळ्यापासून असंच हाय. माय बी असीच पेत राहे ना पानी, शेवटी शेवटी?"

माय, मला सगळं एकदम आठवलं. तुझ्या पायाची ती शेवटच्या दिवसांतली जखम, काही केल्या न भरलेली. तिच्यावरही तू पालाच बांधत होतीस. मी तेव्हा शिकत होते, पण इतकं शिकले नव्हते. दुसऱ्या दिवशी धाकटीला जवळपास ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. साखर खूप वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वाढलेली असली की ही बुरशी परत परत येते, नुसतं वरून धुऊन भागत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, खाण्यापिण्याचं समजावलं. धाकटीची खाज गेली. ती सगळं पथ्य पाळत नाही, भात सोडायचं नाव काढलं की भांडते, पण गोळ्या घेते. बाया अजूनही सांदवाडीतून येतात. परवा धाकटी फोनवर म्हणाली, "काढा नाही देत आता. संग जातो तिच्या दवाखान्यात. एकटी नाही ना जात कोनी." ते विचारणं आणि जवळ बसवणं, हे तुझंच. ते कोणत्या ताटलीत तपासायचं मला ठाऊक नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आईला होती का साखर?" मी म्हणाले, तेव्हा कोणी तपासली नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीही तपासून घ्या." मी हो म्हणाले. कॉलेजच्या वाटेवरच लॅब आहे, रोज दिसते. टेबलावर पाण्याची बाटली आहे, हे लिहिता लिहिता मी ती रिकामी केली. हे तू वाचणार नाहीस म्हणून लिहिते. धाकटीनं विचारलं तर तपासली म्हणून सांगते. अजून तपासलेली नाही, माय.