भांड्याखालचं माहितीपत्रक

टुलेरी,
२९ मे

प्रिय एल्मानो,

चार मैलांवर राहणारी बहीण टपालाने पत्र पाठवते म्हणजे तिचं डोकं फिरलंय, असं तू बायकोला म्हणशील आणि नोरीनही मान डोलावेल. खुशाल डोलावू दे. रविवारी तुझ्या टेबलाशी बसून मी हे बोलायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तू माझ्या ताटात आणखी पाव टाकलास. तू चेष्टा करतोस, मी हसते, आणि बोलायचं ते राहून जातं. हे पत्र गोठ्यात उभ्याने वाचू नकोस. घरात जा, तो लाकडी पाय काढून बाजूला ठेव (तो लाकडाचा नाही हे मला ठाऊक आहे, पण आईचा शब्द तोंडात बसलाय) आणि निवांत बसून वाच.

कुठे जाणार ते कळवायला मला शनिवारपर्यंतची मुदत आहे. दोन्ही विद्यापीठांनी हो म्हटलंय, एवढं तुला माहीत आहे. गावातलं दोन वर्षांचं कॉलेज मी सहा वर्षांत संपवलं. सकाळी पावणेनऊला शेवटचं पोर शाळेत उतरवायचं, पिवळी बस आवारात लावायची, गाडीतच सँडविच खायचं, वर्गात जायचं आणि दोनच्या आत परत बसवर. वर्गातली पोरं सुरुवातीला मलाच मॅडम समजून गृहपाठ द्यायला यायची. जवळचं विद्यापीठ माझे झालेले सगळे विषय धरतंय. दोन वर्षांत पदवी, वर सकाळची फेरीही सोडायला नको. समुद्राकाठचं विद्यापीठ तीन तासांवर आहे, भौतिकशास्त्र पुन्हा करा म्हणतंय, आणि संपेपर्यंत मी एकोणपन्नास वर्षांची होईन. कागदावर मांडलं तर लहान पोरगंही सांगेल काय करायचं ते.

तू तर सांगितलंसच. तुझ्या मारिसाने समुद्राकाठच्यांचं माहितीपत्रक टेबलावर मांडलं होतं आणि तू सोपाशच्या रश्शाचं उकळतं पातेलं उचलून बरोबर त्यावर ठेवलंस. "बघ, काहीतरी उपयोग झाला," म्हणालास. मग मला म्हणालास, "तायडे, ज्यांनी एकदा तोंडावर दार लावलं त्यांच्या पायरीवर परत जाऊन उभी राहणार? लाज आहे का काही?" सगळे हसले, मीही हसले. पातेलं उचललं तेव्हा त्या कागदावरच्या घंटाघरावर काळं वर्तुळ उमटलं होतं. मारिसाने ते घडी करून खिशात घातलं. तुझं लक्ष नव्हतं. माझं होतं.

अठ्ठावीस वर्षं तू त्यांच्या नावाने बोटं मोडतो आहेस. त्यांच्या संघाचा सामना लागला की टीव्ही बंद. तिथे शिकलेला जनावरांचा डॉक्टर आला, तर पोट फुगलेली गाय समोर तडफडत असताना तू त्याला विचारलंस की तुमच्याकडे माणसं निवडतात तरी कशी. आणि आता तुझ्या पोरीला तोच डॉक्टरकीचा अभ्यास करायचाय, तिथेच करायचाय, तर तू तिला म्हणतोस, "जिथे माझ्या बहिणीला घेतलं नाही तिथे माझी मुलगी जाणार नाही." एवढं प्रेम कुणावर कुणी करू नये रे. मला ते उचलवत नाही.

जवळच्या विद्यापीठाच्या भेटीच्या दिवशी तू बरोबर आलास, ते मी विसरणार नाही. नवी टोपी, इस्त्रीचा शर्ट, आणि दाखवायला आलेल्या त्या विशीतल्या पोराला तू विचारलंस की माझ्या बहिणीला गाडी सावलीत लावता येईल का. परत येताना तू खिडकीबाहेर बघत म्हणालास की बरं झालं, जवळ आहे. मला कळलं. दर दोन महिन्यांनी फ्रेस्नोला तुझा पाय बसवून घ्यायला कोण नेणार, एवढाच प्रश्न नव्हता. नोरीन नेईल की. पण ती वाटेत त्या मळक्या हॉटेलात थांबून दोन-दोन कस्टर्ड खात नाही, आणि तू काय बडबडतोस ते ऐकत नाही. मलाही त्या फेऱ्यांची सवय झालीय. तुझ्याशिवाय मला करमणार नाही, हे आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला शंका नको.

तू विचारतोस, मातीत एवढं काय शिकायचंय, आपण तर जन्मभर तीच झटकत आलो. बाबांच्या शेताचा पश्चिमेचा कोपरा आठवतो? पांढरा पापुद्रा धरलेला, काही न उगवणारा. बाबा त्याला शापित म्हणायचे. कॉलेजात बाईंनी घरून मूठभर माती आणायला सांगितली, तेव्हा मी ती नेली. त्यांनी पाण्यात घोळवून दाखवली आणि म्हणाल्या, शाप कसला, ही चोपण जमीन आहे, पाणी निघून जायला वाट नाही म्हणून क्षार वर येतात, ही सुधारता येते. मी त्या दिवशी बस चालवताना दोन थांबे विसरले. बाबा चाळीस वर्षं ज्याला घाबरले त्याला नाव होतं आणि उपायही होता. मला तो उपाय शिकायचाय. तो समुद्राकाठी शिकवतात, जवळच्या विद्यापीठात शिकवत नाहीत. तिथे मला शिक्षिका होता येईल. ते वाईट नाही, पण माझं नाही.

आता फ्रेस्नोच्या इस्पितळाबद्दल. तुला त्यातलं किती आठवतं ते मला माहीत नाही. तू सोळा वर्षांचा होतास. मार्चमध्ये कालव्याच्या बांधावर ट्रॅक्टर उलटला, आणि पाय गेल्यावर तीन आठवडे तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास. आईशी नाही, बाबांशी नाही, पाद्रीबाबांशीही एक शब्द नाही. जेवण जसंच्या तसं परत जायचं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण पोराने मनावर घेतलं पाहिजे. घरी दोनशे गाई होत्या, आई पॅकिंग शेडमध्ये कामाला होती, आणि पुढे वर्षभर आठवड्यातून तीनदा तुला व्यायामाला न्यायला गाडी चालवणारी एकटी मी होते. एप्रिलच्या एका दुपारी मी तुझ्या खाटेशी बसून सांगितलं की समुद्राकाठच्यांनी मला नाही म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. आणि तू वळलास. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तुझं तोंड दिसलं, लालबुंद. तू त्यांना ज्या शिव्या दिल्यास त्या बाबांच्या गोठ्यातही मी ऐकल्या नव्हत्या. नर्स धावत आली. तू उठून बसलास, म्हणालास, "मी बरा झालो ना तायडे, की एकेकाला बघून घेतो," आणि मग म्हणालास, भूक लागलीय. आई बाहेर जाऊन रडली.

या वर्षी समुद्राकाठच्यांनी अर्जाबरोबर निबंध मागितला. आयुष्यातली अडचण लिहा. तू वाचायला मागत होतास, मी म्हटलं संगणकाने खाल्ला. खाल्ला नव्हता. त्यात मी जे लिहिलं ते तोवर फक्त आईला माहीत होतं, आणि ती ते बरोबर घेऊन गेली. आता तिथल्या कचेरीतल्या कुणा दोघा-तिघांना माहीत आहे, आणि तुला नाही. हे मला रविवारपासून झोपू देत नाहीये.

पाकिटात दोन पत्रं आहेत. एक या एप्रिलचं. दुसरं जुनं, शहाण्णव सालचं, आईच्या शिवणयंत्राच्या खणात होतं, म्हणून कडा पिवळ्या पडल्यात. मी तुझ्या खाटेशी बसले तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं. मी त्यांना नाही म्हटलं ते तुझ्यासाठी म्हटलं, आणि आजही म्हणेन, त्याबद्दल मला तुझे आभारही नकोत आणि तुझं रडणंही नको. पण तुला खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यावर तू उभा राहिलास म्हणून ते मागे घ्यायचा धीर झाला नाही. आता त्याच खोट्याने मारिसाची वाट अडते आहे, तेव्हा ते मागे घेते. काल संध्याकाळी मी त्यांना होकार कळवला. सप्टेंबरात जाईन. तुला परवानगी विचारत नाही, फक्त सामान पोचवायला तुझा ट्रक हवाय, आणि तो तूच चालवशील असं मनात आहे. मारिसाचा अर्ज नोव्हेंबरात भरायचा असतो. तिच्या खिशातलं ते डागाळलेलं माहितीपत्रक तिला टेबलावर परत ठेवू दे. आधी जुनं पत्र वाच, मग नवं. वाचून झाल्यावर शिव्या द्याव्याशा वाटल्या तर मला दे, हक्काने दे. त्या लोकांना देऊ नकोस. त्यांनी दोन्ही वेळा हो म्हटलं होतं.

तुझीच खोटारडी तायडी,
डेल्फिना