शांघाय पॅटर्न, कोडोली

कोडोली,
८ जून २०२५

चि. मोनास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तपासून सोबत परत पाठवतोय. दहापैकी साडेसात. 'परीक्षा' मधली दुसरी वेलांटी तू अजून पहिलीच काढतेस, चीनला जाऊनसुद्धा. फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्राला लाल पेन लावता येतो. म्हणून मी पत्रच मागतो.

मुख्य बातमी अशी की निवृत्तीनंतर चालवतो तो दहावीचा गणिताचा वर्ग आता नव्या नावाने सुरू झाला. दारावर दहा बाय सहाचा फ्लेक्स लावलाय, शांघाय पॅटर्न. लोकांना लातूर पॅटर्न ठाऊक, हे ऐकून बिचकतात. मग मी कागद दाखवतो. पंधरा वर्षांच्या पोरांची जगभर एकच परीक्षा होते, पिसा म्हणतात तिला. २०१८ च्या यादीत गणितात चीन ५९१, इंग्लंड ५०२, अमेरिका ४७८. कारण उघड आहे. गोऱ्यांनी छडी टाकली आणि पोरं हातची गेली, चिनी मास्तरांनी टाकली नाही. माझा निरगुडीचा फोक तर टेबलावर आहेच.

पंधरा ऑगस्टला पालकांची सभा ठेवलीय. तिथे तुझं पत्र वाचून दाखवायचं आहे. मामाचा मार खाल्ला म्हणून मी शांघायला गणिताची मास्तरीण झाले, एवढं एक वाक्य पुरे. आई गेल्यावर तू या घरात आलीस तेव्हा साताचा पाढा येत नव्हता तुला. आता चिन्यांना गणित शिकवतेस. याहून मोठा पुरावा कुठला आणू?

यशराजने लेकीला, श्रुतीला, पुण्याहून दहावीसाठी माझ्याकडे ठेवलंय. माझी नात, पण गणितात दगड. आजीच्या पदराआड लपते. दिवाळीपर्यंत तिचं शांघाय करून दाखवतो. मामी बरी आहे. तुझ्यासाठी चटणी कांडून ठेवलीय, मुसळ चालवायला अजून जोर आहे तिच्या हातात.

माया आहेच, शुद्ध लिहिलंस तर वाढेल.

तुझा मामा,
गणपती

---

शांघाय,
२९ जून २०२५

ती. मामांस मोनाचा शि. सा. न. वि. वि.

लाल शाईत भिजलेलं माझंच पत्र मिळालं. 'परीक्षा' पाच वेळा लिहून खाली जोडलीय. आता तुमचा पेपर मी तपासते, रागावू नका.

इथे शाळेत मुलांवर हात उचलायला कायद्याने बंदी आहे. ती आपल्याकडेही आहे, मामा. पोरं दिवसभर शाळेत आणि घरी गेल्यावर गृहपाठात जुंपलेली असतात, दडपणाने वाळून जातात, हे खरं. पण फोक मी एकाही वर्गात पाहिला नाही. शिक्षक मात्र एकमेकांच्या वर्गात मागे बसतात आणि तास संपला की चुका काढतात. तुमच्या वर्गात कुणी असं बसलं असतं तर तुम्ही त्याला पायऱ्यांवरून ढकललं असतं.

आणि ते ५९१ सगळ्या चीनचे नाहीत. बीजिंग, शांघाय ही दोन शहरं आणि दोन श्रीमंत प्रांत, एवढ्यांचेच आहेत. तालमीतले चार निवडक मल्ल आखाड्यात उतरवायचे आणि अख्खा जिल्हा असाच म्हणायचं, त्यातला प्रकार. आपण २००९ ला दोन राज्यं उतरवली, ती तळाला गेली, त्यानंतर आपण आखाड्याकडे फिरकलोच नाही.

याआधी मी फिनलंडला चार वर्षं शिकवलं. मार नाही, गृहपाठ बेताचा, त्या यादीत ५०७. हल्ली तेही घसरताहेत, तेव्हा तिथे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच परीक्षेत पोरांना असंही विचारतात, की आयुष्यात समाधानी आहात का. तिथे हे पहिले आलेले मागे पडले. तो रकाना तुमच्या फ्लेक्सवर नसेल.

एक तुमच्याच घरचं गणित. मी नववीत असताना तुम्ही लूनावरून पडलात आणि उजवा हात तीन महिने प्लास्टरमध्ये होता. सबंध सहामाही फोक टेबलावर पडून होता. त्या सहामाहीचा निकाल काढून बघा. रजिस्टरं तुम्ही टाकली नसणार.

ते वाक्य मी लिहिणार नाही. श्रुतीला हात लावू नका, एवढंच मागते. मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका.

तुमची,
मोना

---

कोडोली,
२० जुलै २०२५

चि. मोनास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला तीन गुण. विषय सोडून लिहिलंस.

कायदा मला शिकवू नकोस. माझ्या मास्तरांनी मला दोरीने बांधून विहिरीत उलटा सोडला होता. मेलो नाही. पुढे त्यांना आम्हीच शाल घातली. तुझ्या तळहाताला विचार सात नव्वे किती, झोपेत सांगेल तो. ते काय फिनलंडने शिकवलं?

चार प्रांतांची युक्ती मात्र पटली. इतकी वर्षं मला कशी सुचली नाही कोण जाणे. येत्या रविवारी पिसाच्या धर्तीवर चाळीस मार्कांचा पेपर घेतोय. एकोणीसपैकी अकराच बसवणार. उरलेली आठ गाळीव, त्यांनी त्या दिवशी घरी बसायचं. श्रुती त्यात आहे. सरासरी तीसवर गेली की आकडा फ्लेक्सवर लागेल आणि पंधरा तारखेला पालकांपुढे वाचला जाईल.

लूनाचं काढलंस. त्या सहामाहीला पेपर सोपे होते. रजिस्टर माळ्यावर आहे आणि मला इतर कामं आहेत.

आशीर्वाद वर लिहिलाच आहे, तोच खालीही समजावा.

मामा

---

कोडोली,
१ ऑगस्ट

मोना बाळ, तुला बायडाबाई मामीचा आशीर्वाद.

फोन केला तर ह्ये शेजारी येऊन बसत्यात, म्हणून लिवतीया. अक्षर वाकडंतिकडं हाय, गोड करून घे.

रविवारी ह्यांनी पेपर घेतला. श्रुतीला घरात बस म्हणालं हुतं. पोरगी न्हाय बसली. जाऊन म्होरच्या बाकावर बसली आन् पेपर लिवला. तिला चाळीसातलं पंधरा मार्क पडलं. तिच्या मनानं ते लई हुतं, पळत मला दावाय आलती. पर सगळ्यांची सरासरी एकोणतीसवर आली, आन् ह्यांचं डोस्कं फिरलं. समद्या पोरांम्होरं फोकानं पाठ फोडली. फोक मोडला. मोडला म्हणून मला वाटलं सुटली, तर कानाखाली अशी लगावली की पोरगी भितीवर जाऊन आपटली. डाव्या कानातनं रगात आलं. कोल्हापुरात डाक्टरकडं नेलं, त्यो म्हणाला पडदा फाटलाय.

यशराज पुण्यासनं आला त्यो कोयता घिऊनच घरात शिरला. आदी फ्लेक्स उभा फाडला, मग बापावर धावला. मी मधी पडले म्हणून म्हातारा वाचला. माझ्या दंडाला कोयता चाटून गेला, चार टाकं पडल्यात. डाक्टर दीड महिना प्रवास नको म्हणाला, म्हणून पोरगी हितंच हाय, माझ्याजवळ झोपती.

आन् गावाचं काय सांगू तुला. दुसऱ्या दिवशी तीन पालक आलं आन् म्हणालं, आण्णा, हाडं तेवढी आमची ठेवा, बाकी तुमचं. ह्यांना त्यानं आनखी चेव आला. नवा फोक सोलून ठेवलाय.

एक गोष्ट बावीस वर्सं पोटात हाय, ती आज वकते. तू नववीत असताना तुजा मामा लूनावरनं पडला न्हवता. तुला मारता मारता थांबंना, तू पानी मागत हुतीस, तवा चटणीचं मुसळ हातात हुतं ते मी ह्यांच्या हातावर घातलं. हाड वाजल्यालं मला अजून ऐकू येतंय. लूना आमी दोघांनी मिळून ठरवली.

आता माझं वय झालं, बाळ. काय करू सांग.

मामी

---

शांघाय,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय मामी, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आठ वेळा वाचलं. त्या दिवशी मी पाणी मागत होते एवढंच मला आठवतं, पुढचं काहीच नाही. माझ्या आईने केलं नसतं ते तू केलंस. मला तुझ्या पाया पडायचं आहे आणि मी इथे बसलेय.

पण मामी, आता मुसळ नको. मला भीती वाटते. यशराज कोयता घेऊन आला, तू मुसळ उचललंस, आणि मी काही वेगळी नाही. वर्गात एखादं पोर उत्तर द्यायला हात वर करतं तेव्हा माझे डोळे अजून आपोआप मिटतात. एकदा फिनलंडला एका पोराच्या गालाजवळ माझाच हात गेला होता. थांबला, पण गेला होता. त्या दिवशी मला मामांचा राग आला नाही, माझी किळस आली.

माळ्यावरची रजिस्टरं कुणाकडून तरी खाली काढून घे. २००३ ची दोन्ही सहामाहींची पानं उघडून मामांच्या ताटाशेजारी ठेव. काही बोलू नकोस. आकड्यांपुढे ते खोटं बोलत नाहीत, एवढा एकच गुण त्यांच्यात आहे. आणि डॉक्टर हो म्हणाले की श्रुतीला त्याच दिवशी पुण्याला धाड.

दंडाला जप. तुझी माया आहे म्हणून मी आहे.

मोना

---

कोडोली,
२१ सप्टेंबर २०२५

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराचे गुण कापू नकोस. लूनावरून पडलो, असं गावात सांगितलंय. लूना भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली हे गावालाही ठाऊक आहे, पण कुणी विचारलं नाही.

घडलं ते असं. श्रुती ओट्यावर माझ्या उजवीकडे बसली होती, म्हणजे डावा कान माझ्याकडे. मी तीनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही. मला वाटलं उद्धटपणा करतेय, आणि हात वर गेला. मोना, तिला ऐकूच आलं नव्हतं. मीच फोडलेल्या कानाला मी पुन्हा मारणार होतो. हात वर असतानाच मला ते कळलं, पण तो खाली यायला निघाला होता. मामी चटणी कांडत होती. ती माझ्याआधी पोचली.

हात गळ्यात बांधून बसलो तेव्हा जेवणाच्या ताटाशेजारी रजिस्टर दिसलं. तुझंच काम असणार. पान उघडलं. २००३ ची पहिली सहामाही, वर्गाची सरासरी अठ्ठेचाळीस. दुसरी, हात प्लास्टरमध्ये, एकसष्ट. पुढच्या वर्षी पुन्हा पन्नास. तुझे बेचाळीसचे अठ्ठ्याहत्तर झाले होते. पेपर सोपे होते असं तुला लिहिलं होतं ना, ते पेपरही काढून पाहिले. सोपे नव्हते. माझ्याच अक्षरात होतं सगळं, आणि मी बावीस वर्षं चीनचे आकडे शोधत होतो.

पालकांची सभा झाली नाही. पंधरा ऑगस्टला तिघे आले, पण दाखवायला ना फ्लेक्स होता ना तीसचा आकडा, म्हणून मी वर्गाचं दार उघडलं नाही. मी तुझ्याकडे ते वाक्य मागितलं होतं, ते विसर. जे लिहायचं असेल ते लिही. तपासणार नाही.

डॉक्टरांनी श्रुतीला प्रवासाची परवानगी दिलीय. यशराज न्यायला आला होता. पोरगी म्हणाली, प्लास्टर आहे तोवर राहते, इथलं गणित आत्ता कुठे समजायला लागलंय. आता माझ्या डावीकडे बसते, उजवा कान माझ्याकडे करून. यशराज माझ्याशी बोलला नाही. बरोबर आहे त्याचं.

मामीचे टाके निघाले. ती बोलते माझ्याशी, पण मुसळ स्वयंपाकघरातून बाहेर आणून ओट्यावर ठेवलंय.

लोभ ठेव असं लिहिण्याची रीत आहे. मी ते यावेळी मागणं म्हणून लिहितोय.

तुझा,
मामा

ता. क. प्लास्टर दिवाळीआधी निघणार म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं, दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर ठेवता येईल का.