अंगठा नको, कडं कर

प्रिय पाणबुड्या,

तुझ्यासमोर उभी राहिले की मला नुसतं रडू येतं, म्हणून लिहितेय. तू नेहमी चिडवायचास, उथळ पाण्याला खळखळाट फार. खरंच आहे ते. मी कमरेएवढ्या पाण्यात लोकांना नळी तोंडात धरून तरंगायला शिकवणारी, आणि तू त्यांना खाली प्रवाळाच्या भिंतीपाशी नेणारा. आता नळी तुझ्या घशात आहे, तेव्हा मुकाट्याने ऐकून घे.

मला पहिल्यांदा शार्क दाखवलास ते आठवतं? तळहात उभा करून कपाळावर धरलास. मला वाटलं, तुझं डोकं दुखतंय. वळून बघते तर तो काळ्या टोकाचा प्राणी माझ्या शेजारून, ढुंकूनही न बघता निघून गेला. मी तुझा दंड असा आवळला की त्यावर वळ उठले. पुढे सासूबाई जिना चढताना दिसल्या की तू स्वयंपाकघराच्या दारातून तीच खूण करायचास, आणि मला हसू आवरायचं नाही. त्यांना अजून ते कळलेलं नाही. तुझ्या पायांना चोळायला तेल घेऊन त्या आयसीयूबाहेर बाकावर बसून असतात, आत कुणी नेऊ देत नाही तरी.

त्या दिवशीही तू तीच खूण केलीस. वाळूवर झोपलेला शार्क, अगदी गरीब गाय. पण तू खाली नेलेले पाहुणे घाबरून सुसाट वर निघाले. त्यांना आवरायला तू मागोमाग गेलास, रक्तातला वायू निघून जायला वाटेत थांबावं लागतं तेही न थांबता, आणि सकाळपासून दुसऱ्यांदा खोल उतरलेला असताना. त्यांना काही झालं नाही. तुझ्या रक्तात मात्र बुडबुडे झाले आणि पाय लुळे पडले. काल ते फुलं ठेवून गेले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं.

आज डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, तर तू अंगठा वर केलास. सगळे खूश झाले. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या, दारातून सासूबाईंनी हात जोडले. मी टाळी वाजवली नाही. जमिनीवरच्या माणसांत अंगठा म्हणजे झकास. आपल्यात झकास म्हणजे अंगठा आणि बोट जुळवून केलेलं कडं. अंगठा म्हणजे पुरे झालं, मी वर चाललो. आणि तू डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होतास. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. जोडीदाराने अंगठा दाखवला की वाद घालायचा नसतो, हे तूच मला शिकवलंस. मी घालणार आहे. पाय येवोत न येवोत, मला तू हवा आहेस. उद्या हा कागद तुझ्या डोळ्यांसमोर धरून उभी राहीन. वाचून झालं की कडं कर. वाकडंतिकडं झालं तरी मला कळेल.

तुझीच,
खळखळाट