आधी हाक

शिरपूर, पौष वद्य पंचमी, सन १९३१

बंदूक पुसून ठेवली, पण ते मांजर काही डोळ्यांपुढून हलत नाही.

संध्याकाळी थोरल्या भाऊंबरोबर तित्तरांच्या शिकारीला गेलो होतो. नाल्याकाठच्या दादर ज्वारीच्या शेतातून एक पिवळं मांजर निघालं, तोंडात तित्तर. भाऊंनी लगेच नेम धरला. "रानटी शे ते! बठ्ठा तित्तर खाई टाकस."

सगळे तित्तर खातं म्हणून मारायचं? मी नळीवर हात ठेवला. आधी हाक तर मारू, म्हटलं.

हा नियम आमच्या चुलत्यांचा, नानांचा. रानडुकरापुढे न डगमगणारा माणूस, पण मांजरावर बार उडवण्याआधी घरी दुधाला बोलावतात तशी हाक मारायचा. पळालं तर रानाचं. थबकलं तर कुणाच्या तरी चुलीजवळचं. प्लेगात सारं गाव शेतांतल्या झोपड्यांत राहायला गेलं आणि मागे राहिलेली मांजरं रानात पांगली, तेव्हापासूनचा हा नियम. नानांच्या त्या बारीक आवाजातल्या "ये, ये"ला आम्ही किती हसायचो! भाऊ तर सगळ्यांत जास्त. आता हसायला नाना कुठे आहेत?

मी हाक मारली. मांजर थबकलं, एक पाय उचललेला तसाच. तित्तर मात्र सोडलं नाही लबाडाने.

भाऊंनी चिडून बंदूक खाली घेतली. "आजबी नानानी शिकार बुडाई!"

परतताना ते मागे रेंगाळले. वळून पाहिलं, तर नाल्याकडे तोंड करून बारीक आवाजात म्हणत होते, "मनी, ये... ये, मनी..."

मनी आमची. प्लेगात मागे राहिलेली. इतक्या वर्षांत भाऊंच्या तोंडून तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं.