सुकवारा, माहेर आंबागड

मी, सेवकराम वल्द तुलाराम निपाने, वय वर्षे बहात्तर, धंदा हातमाग, राहणार भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. छाती बिघडली आहे, डोके नाही, असे त्यांचे मत. माझे मत असे, की डोकेच बरीच वर्षे बिघडलेले होते आणि आत्ता कुठे ठिकाणावर आले. पण दाखल्यात ते लिहिण्याची सोय नसते. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. नशापाणी केलेले नाही. सकाळपासून पानसुद्धा खाल्लेले नाही.

कलम १. राहते घर, मागची विहीर आणि विहिरीजवळचे सीताफळाचे झाड माझी एकुलती मुलगी कौशल्या हिला द्यावे. घर मी माझ्या कमाईने बांधले आहे, ते वडिलोपार्जित नाही. तेव्हा माझा धाकटा भाऊ भय्याजी याने त्यावर बोट ठेवू नये. कौशल्येला कसलीही अट नाही. तिने लग्न करावे, करू नये, घर ठेवावे, विकावे. अटी घालण्याचा माझा हक्क तेरा वर्षांपूर्वी संपला. का, ते पुढे लिहिले आहे.

कलम २. दोन्ही हातमाग, फण्या, धोटे आणि पोस्टाचे पासबुक हेही तिचेच. काठाचे काम ती माझ्यापेक्षा सफाईने करते. गिऱ्हाइकांना ते माहीत आहे, मला माहीत आहे, फक्त तिला मी कधी सांगितले नाही. ते येथे सांगतो.

कलम ३. बैठकीत लावलेली आमच्या घराण्याची वंशावळ, चौकटीसह, भय्याजीला द्यावी. त्याचा तिच्यावर जीव आहे. काच फुटलेली आहे. ती मांजराने फोडली असे मी सगळ्यांना सांगत आलो. मांजराने नाही, मी फोडली.

कलम ४. आता कारण. सन १९७१ च्या माघ महिन्यात सानगडीचे कृष्णराव झोडे आपल्या पुतण्यासाठी, खेमराजसाठी, कौशल्येला मागायला आले होते. खेमराज तेव्हा नुकताच शाळामास्तर झाला होता. पोराला व्यसन नव्हते, घरी खाऊन-पिऊन सुखी, आणि मुख्य म्हणजे पोरीच्या मनात होते. तिची आई, जी आज हयात नाही, मला सकाळीच म्हणाली होती, "पोरीले पसंत आहे, तुम्ही उगीच फाटे फोडू नका." मी फाटाच फोडला. खेमराजची आजी पाटाची होती. म्हणजे ती आधी विधवा झाली आणि मग वाजंत्री न लावता, मांडव न घालता, अंधारात दुसऱ्या घरी पाट लावून आली. एवढे मला कोणीतरी कानात सांगितले आणि माझी मान ताठ झाली. चहाचे कप हातात असताना मी म्हणालो, "आमच्या घरात पाटाचं पाणी चालत नाही."

कृष्णराव रागावले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "मंग तुमची पणजी कोनाची, तेवढं सांगा न भाऊ. तिचं माहेर कोनतं?"

मला सांगता आले नाही. ते उठून गेले. कौशल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आमचे कप उचलले आणि धुवायला नेले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला तिने नाही म्हटले आणि खेमराजने दोन वर्षांनी दुसरीकडे लग्न केले. मुलीचे काय झाले ते बघायचे सोडून मी काय केले, तर पणजी शोधायला निघालो. कृष्णरावांच्या तोंडावर कागद फेकायचा होता.

कलम ५. शोधाची हकीकत थोडक्यात लिहितो, कारण तिची मला आज किळस येते. आधी आमच्या घराण्याचा भाट जागेश्वर याला बोलावले. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोथीत आमच्यासारख्या घराण्यांची नावे उतरवतात आणि गावोगाव फिरून वाचून दाखवतात. पोथीत पणजोबा गणोबाच्या नावापुढे होते: लग्न आंबागडी, वैशाख मास, मांडव पाच खांबी, वाजंत्री तुमसरची. मला कोण आनंद झाला! मांडवातले लग्न! पण नवरीचे नाव नाही, बापाचे नाव नाही. विचारले तर जागेश्वर म्हणाला, "बाईचं नाव आमच्या पोथीत नसते मालक. बाई दुसऱ्याच्या पोथीतली."

त्या वेळी मला हे वाक्य फार शहाणपणाचे वाटले. आज आठवले की तोंड धुवावेसे वाटते.

घरात तिचे नाव भागीरथी असे सांगत. ते नाव घेऊन मी सहा वर्षे आंबागडला खेटे घातले. किल्ल्याखालच्या त्या गावात एक ओसरी सोडली नाही. जमीन-बंदोबस्ताचे जुने कागद पाहिले, कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहिल्या. भागीरथी नावाची मुलगी त्या काळात कोणाकडेच नव्हती. लग्नात सासरचे लोक नवरीचे नाव बदलतात, हे शेंबड्या पोराला कळते. मीही माझ्या बायकोचे बदलले होते. तरी मी सासरचे नाव घेऊन माहेर शोधत फिरलो, कारण तिला दुसरे काही नाव असेल हेच माझ्या मनात आले नाही.

शेवटी माग लागला तो भंडाऱ्यातच, तिच्या मरणाच्या नोंदीत. सन १९०७, भागीरथी, नवरा गणोबा निपाने, वय अदमासे पासष्ट, ताप. आणि शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचे नाव: बिसन, भाचा, राहणार आंबागड. मी ती ओळ तीनदा वाचली. तिच्या पोटचे दोन मुलगे त्या दिवशी घरात होते. त्यांतला एक माझा आजोबा. मरणाची खबर द्यायला मात्र आंबागडहून भाचा आला. आम्ही वंशावळीला काच लावून ठेवली, त्या वंशाला आईच्या मरणाची खबर देण्याचीही लाज वाटत होती.

कलम ६. बिसनची सून कुंताबाई सन १९७८ साली जिवंत होती. नव्वदीला टेकलेली, डोळे गेलेले, जीभ शाबूत. बाहेर मोहफुले वाळत घातली होती आणि ती काठीने कोंबड्या हाकत होती. मी नाव-गाव सांगितले. ती बराच वेळ हसत राहिली.

"भागीरथी तुमच्या घरची. आमची ते सुकवारा. शुक्करवारी झालती म्हणून. माह्या सासऱ्याची आत्या."

मी विचारले, की लग्न तर इथेच झाले ना, पाच खांबी मांडव, वाजंत्री?

"हाव, झालं न लगीन. रुईसंग झालं."

ती पुढे म्हणाली, "असं काहून पाहून राहिले? आंधळी झाली तरी समजते मले. सुकवारा चौदा वर्साची विधवा झालती. तुमचा गणोबा कुवारा. कुवाऱ्या मानसाले पाट कसा लावता येईन? मंग आधी त्याचं रुईच्या झाडासंग लगीन लावलं, वाजवून गाजवून. झाड उपटून फेकलं, नवरदेव रांडवा झाला. मंग तिले नेलं अंधारात."

कुवाऱ्याला असे आधी विधुर करून घेण्याची रीत मला माहीत नव्हती असे नाही. माझ्या ओळखीच्या दोघांची लग्ने रुईशी लागलेली आहेत, एकात तर मी जेवलोही आहे. पण आपल्या घरात असे काही असेल हे डोक्यात शिरायला मला सात वर्षे आणि एक आंधळी म्हातारी लागली. सात वर्षे मी एका रुईच्या झाडाचे कूळ शोधत होतो.

निघताना कुंताबाई म्हणाली, "तुमच्या घरी तिले सुनेच्या हळदीले हात लावू देल्ला नाई. पोटच्या पोराचं लगीन, अन् ते गोठ्यात बसून होती. मी नवी नवरी होतो तेव्हा माहेरी येऊन सांगे अन् रडे." माझे वडील सांगत, की त्यांची ही आजी मांडवात बसत नसे, तिला धुराचा त्रास होता. आमच्या घरात धुराला किती कामे दिली होती!

कलम ७. येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, सेवकराम तेव्हा तरी शहाणा झाला असेल. नाही. मी घरी आलो आणि भय्याजीला सांगितले. त्याला घाम फुटला, कारण त्याच्या मुलीच्या लग्नाचे बोलणे चालू होते. तो म्हणाला, "दादा, हे कोनाले सांगू नका. जागेश्वरले बलावून नीट लिहून घेऊ." जागेश्वर आला. पोथी मांडीवर घेऊन त्याने विचारले, "कोनाची लेक लिहू मालक? आंबागडच्या पाटलाची लिहू का?" एवढ्या सहज, जसे कोणी विचारावे भाजीत मीठ घालू का. आणि मी मान हलवली. त्याने लिहिले. मी त्याला धोतर-पागोटे दिले. त्याच नोंदीची सुबक नक्कल चौकटीत बसवून बैठकीत लावली. दुसऱ्या दिवशी जेवताना समोर ती दिसली आणि मी ताटावरून उठलो. तेव्हा काच फोडली. पण चौकट काढून टाकण्याची हिंमत झाली नाही. फुटक्या काचेखाली ती खोटी ओळ पाच वर्षे लटकते आहे आणि माझी मुलगी तिच्याखाली बसून कांड्या भरते.

लोकांच्या पापाची शिसारी लवकर येते. स्वतःच्या पापाची यायला छातीत कळ यावी लागली.

कलम ८. माझ्या तेरवीला समाज जेवायला घालावा, पण जेवणाआधी हे मृत्युपत्र कलम चारपासून मोठ्याने वाचावे. ज्याला ऐकवणार नाही त्याने पान सोडून जावे, त्याच्या वाट्याची बुंदी कोणीही खावी. जागेश्वर भाट येईलच. त्याला पाणी द्यावे, बसायला द्यावे, आणि सर्वांसमोर पोथी उघडायला लावून खोट्या ओळीच्या जागी असे लिहवून घ्यावे: गणोबाची पत्नी सुकवारा, माहेर आंबागड, पाटाची. शेवटचा शब्द गाळू नये. त्याने नकार दिल्यास त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावे आणि आमचे घराणे त्याच्या पोथीतून कायमचे काढून टाकावे असे सांगावे. पित्तरपाटात, म्हणजे पितृपक्षात, आमच्या बायकांची नावे घेताना भागीरथी म्हणू नये, सुकवारा म्हणावे. हे काम भय्याजीने करावे. न केल्यास कलम ३ मधील चौकटही त्याला मिळणार नाही. चूल पेटवायला बरी पडेल.

कलम ९. कौशल्येला हे सर्व मी गेल्या महिन्यात सांगितले. ती माग थांबवून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने विचारले, "म्हणजे बाबा, तुमाले पाच वर्सांपासून माईत होतं?" मी हो म्हणालो. "अन् आता मी याचं काय करू?" तिने पुन्हा धोटा हातात घेतला.

त्यानंतर मी सानगडीला खेमराजला पत्र लिहिले, की साक्षीदार म्हणून सही करायला ये. तो येईल असे मी धरले नव्हते. आज तो आला आहे. केस पिकले आहेत, दोन पोरांचा बाप आहे. म्हणाला, "काकाजी, वाचल्याबिगर सही करत नाही मी." मी म्हणालो, वाच. त्याने कौशल्येसमोर बसून सगळे वाचले. (येथे एक ओळ खोडली आहे.) माझे म्हणणे येथे संपले.

ठिकाण: भंडारा. तारीख ११ मार्च १९८४.

सही: सेवकराम तुलाराम निपाने

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. खुशाल मारोती हेडाऊ, शेजारी, भंडारा
२. खेमराज सदाशिव झोडे, शिक्षक, सानगडी

खाडाखोडीचा तपशील: कलम ९ मध्ये "कौशल्येने मला मोठ्या मनाने क्षमा केली आहे" अशी ओळ होती. खेमराजने ती मोठ्याने वाचली तेव्हा कौशल्या म्हणाली, "हे मी कवा म्हटलं? एक खोटी ओळ पोथीत आहे न बाबा. यात तरी नोका लिहू." ओळ माझ्या हाताने खोडली. खोड बरोबर आहे आणि मला मान्य आहे.

सेवकराम