एका खिळ्यावर दोन राज्यं

१ जुलै १९६०, दिग्रस
नव्या राज्याचा नकाशा आला. सोबत हुकूम — जुना मुंबई राज्याचा उतरवून परत पाठवावा. उतरवला. राज्य मे महिन्यातच बदललं, आमच्या शाळेची भिंत आज बदलली.

मग रौशन आली. कापसाच्या जिनिंगमधल्या बशीर मिस्त्रीची पोरगी, नऊ वर्षांची. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. रोज आल्या आल्या नकाशातल्या यवतमाळवर बोट ठेवते आणि जागेवर बसते. मग दिवसभर तिचा त्रास नाही. आज नव्या नकाशात यवतमाळ कागदावर भलतीकडेच! शाळा सुटेपर्यंत ओरडली.

२ जुलै
ट्रेनिंगात शिकलो होतो — हट्टी मुलाकडे दुर्लक्ष करावे. केलं. शिकवणारे गुरुजी रौशनला भेटलेले नसावेत.

छडीही उगारून पाहिली. तिनं छडीकडे बघितलंसुद्धा नाही.

४ जुलै
गूळ दिला. खाल्ला, मग ओरडली. मागून मारोती विचारतो, "गुरुजी, आमीबी ओरडू काय?"

समजावलं — बाई, राज्य बदललं, आपणही बदलावं. बोलता बोलता आठवलं, सकाळी बाजारात मी वांगी पावशेरच मागितली होती. किलो अजून जिभेवर येत नाही.

६ जुलै
सोमवारी डेप्युटी साहेब तपासणीला येणार. मागच्या खेपेला त्यांची खुर्ची नकाशाच्या आड आली आणि रौशन ओरडली, तेव्हाच बजावून गेलेत — पुन्हा गोंधळ दिसला तर या मुलीचं नाव काढा.

संध्याकाळी तिची आई अमिनाबी दारात. "गुरुजी, नाव नोका काढू. घरी रायली तं दिवसभर भिंतीले डोकं आपटते. शाळेतच तं तिले चैन पडते." बघतो म्हटलं. काय बघणार, कपाळ! फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

७ जुलै
जुना नकाशा अजून कपाटातच होता. आमचा आळस असा कधी कधी कामी येतो. खिळ्याला आधी जुना टांगला, त्यावर नवा. रौशन आली तेव्हा नव्याचा कोपरा उचलून धरला. तिनं यवतमाळ शोधलं. बसली. आठवडाभरात आज पहिल्यांदा पाढे ऐकू आले.

सरकारी हुकूम मोडला. इतकं सोपं असतं हे ठाऊक असतं तर एक तारखेलाच मोडला असता.

११ जुलै
साहेब घंटेआधीच हजर. पाठोपाठ रौशन. साहेबांना वळसा घालून गेली, नवा नकाशा स्वतःच उचलला, बोट ठेवलं, जागेवर बसली.

"खाली काय आहे?" साहेबांनी विचारलं.

सांगितलं.

"ते राज्य आता नाही, गुरुजी."

"मला मान्य आहे, साहेब. तिला नाही."

साहेब उठले. त्यांनीच कोपरा उचलला. वाटलं, संपलं — पोरीचं नाव गेलं, पाठोपाठ माझी नोकरी. साहेबांचं बोट डावीकडे सरकत गेलं आणि बडोद्यावर थांबलं.

"आमचं घर इथलं. आई अजून तिथंच असते."

मग कोपरा सोडला. "इथं कापडाची पट्टी लावा, रोज उचलून फाटेल." नाव काढण्याचा विषय निघाला नाही. रौशन सगळा वेळ छताकडे बघत होती.

१२ जुलै
रौशन आली. नकाशा उचलला. यवतमाळवर बोट ठेवलं. मग बडोद्यावर ठेवलं. मग बसली.