भाकर टाकायची खूण

मामंजी, तुम्ही होता तोवर तुमच्यासमोर मान वर करून मी कधी बोलले नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आता पत्र लिहायला बसले आहे. बसले म्हणजे नुसतीच बसले आहे, लिहितेय सून. ती कोचिंगमध्ये मुलांना शिकवते, त्यामुळे माझं बोलणं लिहिता लिहिता सरळ करत जाते. मी म्हटलं, बाई, मामंजींना मी वाकडीच माहीत आहे, फार इस्त्री फिरवू नको. हसली. हसू दे. आमच्या वेळी सासऱ्याच्या घरात पदराच्या आत हसावं लागायचं, आणि तुमच्यावर मी ते भरपूर हसून घेतलं आहे.

अर्धापूरच्या केळीच्या मळ्यांतून मी लातूरला तुमच्या घरी आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की सासरा सरकारी नोकरीत आहे, तारमास्तर आहे. संध्याकाळी तुम्ही तारघरातून यायचात, चहा घ्यायचात आणि माडीवरच्या खोलीत जायचात. मग वरून टिकटिक सुरू. मला वाटलं, साहेबानं काम घरी दिलंय. पुढं कळलं की ही हौस आहे. परवाना काढून, स्वतः जोडलेल्या सेटवरून, कडुलिंबाला बांधलेल्या तारेतून तुम्ही नांदेडच्या, हैदराबादच्या, कुठकुठल्या माणसांशी ठोकून ठोकून बोलता. दिवसभर लोकांच्या तारा ठोकायच्या आणि घरी येऊन स्वतःच्या. हलवायानं घरी येऊन पुन्हा जिलब्या तळाव्यात, तसं. मला अक्षरं यावीत म्हणून तुम्ही पाटीही आणलीत, सासूबाईंच्या हाती पाठवलीत. तिचं मी पिठाच्या डब्याला झाकण केलं. झाकण चांगलं बसलं, अक्षरं काही बसली नाहीत.

पण एक आवाज मात्र मी न शिकवता शिकले. तुमचं ठोकणं संपत आलं की शेवटी नेहमी तेच यायचं: लांब, लांब, टिक टिक टिक, टिक टिक टिक, लांब, लांब. जसं जायचं तसंच परत यायचं. भाकरीची एक बाजू, मग दुसरी बाजू. ते वाजलं की तुम्ही खाली यायचात, म्हणून मी ठरवून टाकलं, ह्याचा अर्थ ‘भाकर टाक’. वर ते वाजायचं, खाली मी थापलेली भाकर तव्यावर टाकायची, आणि तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती टम्म फुगून ताटात. सासूबाई म्हणायच्या, हिला कसं कळतं गं? मी म्हणायची, मला वास येतो मामंजी उठल्याचा. तुम्ही खाली मान घालून जेवायचात. मिशीत काही हललं असेल तर ते मला दिसलं नाही, पदर आड होता.

रागावलात एकदाच. घरात नवा मिक्सर आला होता आणि मी हौसेनं तुमच्या ऐकायच्या वेळेलाच शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं. माडीवरून असे ओरडलात की हातातलं झाकण पडलं. ‘बंद करा ते! तिकडचा माणूस बोलून राहिलाय अन् इथं माझ्या कानात दाणे भरडून राहिलेत!’ मी सात दिवस त्या मिक्सरकडे पाहिलं नाही, पाट्यावरच वाटलं, आणि जरा जोरात वाटलं. मग तुम्ही तारघराच्या मोडीतला एक छोटा भोंगा आणलात, सेटपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढलीत आणि भिंतीवर ठोकलात. ह्यांना म्हणालात, ‘तिलाबी ऐकू येऊ दे, कोण बोलून राहिलंय ते.’ मला वाटलं, पहारा बसवला. तरी एवढ्या लांबचा आवाज आपल्या तव्यापर्यंत येतो, ह्याचं अप्रूपही वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

भूकंपाच्या दिवशी अख्खी गल्ली रस्त्यावर होती आणि तुम्ही एकटे तडे गेलेल्या जिन्यानं वर गेलात. फोन बंद, वीज बंद. शेजाऱ्याच्या जीपची बॅटरी तुम्ही सेटला लावली होती. माझी धाकटी बहीण औशाच्या पलीकडं दिलेली, आणि तिकडून येणारा जो तो नुसता रडत येत होता. तुमच्यासारखाच कुणी हौशी माणूस सेट घेऊन त्या गावांत पोचला होता. तो जिवंत माणसांची नावं पाठवत होता. आवाज इतका बारीक की तुम्ही खिडकीतून हात जोडून गल्लीला गप्प केलंत. लेकराला पाजत मी अंगणात उभी. दुपार कलली आणि तुम्ही अर्ध्या जिन्यापर्यंत खाली आलात, आणि माझ्याकडे, थेट माझ्याकडे बघून बोललात. ‘जित्ती हाय तुझी बहीण. पाय मोडलाय, पण जित्ती हाय.’ आणि तिथंच पायरीवर बसलात. लग्नानंतर माझ्याशी बोललेलं तुमचं ते पहिलं वाक्य. त्याच्यासाठी मी तुम्हाला सगळ्या मिक्सरांची माफी देऊन टाकली.

त्याच संध्याकाळी आणखी एक आवाज आला होता. कुणीतरी पाणी पाठवा म्हणत होतं, गावाचं नाव सांगत होतं, आणि नाव पुरं व्हायच्या आत तिकडची बॅटरी गेली. ते गाव कुठलं, तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर रोज संध्याकाळी दोस्तांशी बोलून झालं की तुम्ही सेटचा काटा त्या जागेवर नेऊन थोडं ऐकत बसायचात. भोंग्यातून नुसती शांतता यायची. ती शांतता ऐकत मी पीठ मळायची. एकदा ह्यांनी विचारलंच, ‘बाबा, आता तिथं कोण असणार?’ तुम्ही म्हणालात, ‘अन् असलं तर?’ 

पुढं लातूर शिकवण्यांचं गाव झालं. चाकूरची, नांदेडची, कुठकुठली पोरं दप्तरं घेऊन आली आणि तुमच्या लेकानं घरावर मजले चढवून खोल्या काढल्या. मग गल्लीत एक कंपनी आली, विजेच्या तारेतूनच इंटरनेट देणारी. वेगळी वायर नको, भिंतीतल्या प्लगात डबी खुपसली की झालं. पहिल्याच संध्याकाळी भोंग्यातून चर्र आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा, पण थांबेचना. तुम्ही फ्रीज बंद करायला लावलात, दिवे बंद करायला लावलात. मी मनातल्या मनात म्हटलं, मिक्सर पुसून वर ठेवलाय, माझ्याकडं बघू नका. शेवटी तुम्ही गल्लीतल्या खांबाखाली जाऊन उभे राहिलात, वर बघत.

त्या रात्री जेवताना बापलेकांत जुंपली. तुम्ही म्हणालात, ‘अरे, विजेची तार म्हंजे उघडी तार. तिच्यातून हे सोडलं की ती एरियलसारखी बोंबलती. पुऱ्या गल्लीनं वरडायचं अन् मी डासाचं गाणं ऐकायचं व्हय?’

‘बाबा, मोबाइल आलेत. कोण ठोकून राहिलंय आता?’

‘भूकंपात तुझा मोबाइल उभा राहील?’

‘भूकंप रोज येतो का? पोरांचे बाप रोज येतात. दारातच पहिला सवाल, नेट हाय का? न्हाई म्हटलं की चालले शेजारी.’

दोघांचंही खरं होतं, म्हणून मी दोघांनाही एकेक भाकर जास्त वाढली. दुसरं मी काय करणार?

तुम्ही आणि नांदेडच्या दोस्तांनी अर्ज केले. कंपनीचा इंजिनिअर आला, भला पोरगा होता. तुम्ही त्याला वर नेलंत, कानाला हेडफोन लावलात. म्हणालात, ‘ह्याच्यात एक माणूस बोलून राहिलाय, ऐका.’ तो बराच वेळ ऐकत होता. म्हणाला, ‘काका, मला काहीच ऐकू येत नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘मलाबी.’ त्यानं कंपनीला सांगून तुमच्या सेटच्या कामाच्या रेडिओपट्ट्या वगळायला लावल्या; चर्र जरा कमी झाली, गेली नाही. तेव्हा लोडशेडिंग तुमच्या मदतीला आलं. वीज गेली की सगळं लातूर शिव्या घालायचं, खोल्याखोल्यांतून पोरं कण्हायची, आणि तुम्ही काठी टेकत, लग्नाला निघाल्यासारखे माडीवर. बॅटरीवर सेट लावायचा, तारा मेलेल्या, हवा स्वच्छ. पण ह्यांनी जनरेटर घेतला. पोरांच्या परीक्षा होत्या. डब्या त्याच्यावर चालू राहिल्या आणि तुमचा तोही वेळ गेला.

त्या दिवसांत मला घराचीच भीती वाटायची. भिंतीच्या आत काहीतरी सारखं कुजबुजतंय असं वाटायचं. तुम्ही एकदा पाण्याचा तांब्या घेताना भिंतीला हात लावून म्हणालात, मला की भिंतीला, माहीत नाही: ‘ह्याच्या खाली कुणीतरी हाका मारून राहिलंय, अन् मला ऐकू येऊन राहिलं न्हाई.’ मी तांब्या धरून उभी. तरी तुम्ही रोज वर जायचात. ह्यांनी विचारलं, ‘ऐकूच येत न्हाई तर बसता कशाला वर?’ तुम्ही म्हणालात, ‘भाकर गरम मिळते.’ मी तव्यासमोरच होते. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

आणि रोज त्या चर्र आवाजातून ते यायचंच, ठळक, तुमच्या हाताचं. लांब, लांब, टिक टिक टिक; टिक टिक टिक, लांब, लांब. शेवटच्या दिवशीही आलं. मी भाकर टाकली, ती फुगली, ताटात काढली, तिची वाफ गेली. मग मी वर गेले. तुम्ही खुर्चीत होता, हात ठोकायच्या कळीवर.

पावसाळा सरल्यावर नांदेडचे तुमचे दोस्त आले, रेडिओ दुरुस्तीवाले चाचा. सेटवरून हात फिरवत म्हणाले, ‘बेटी, एक गोष्ट समजली नाही. आमच्याकडं त्यांचा आवाज साफ यायचा. आम्ही जबाब द्यायचो, तो त्यांना पोचायचाच नाही. साल झालं, कुणाशी बात नाही. तरीबी रोज शाम को यायचे, आपलं नाव ठोकायचे, त्र्याहत्तर म्हणायचे अन् बंद. किसके लिये? सामने तो कोई नव्हतं.’

मी विचारलं, ‘त्र्याहत्तर म्हंजे?’ त्यांनी टेबलावर बोटानं वाजवून दाखवलं.

मी म्हटलं, ‘ते तर भाकर टाक.’

चाचा आधी हसले. म्हणाले, ‘नाही बेटी, निरोप घेताना म्हणतात ते आम्ही लोक. खुश रहो, खैरियत राहो, असं.’ मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि हसायचे थांबले. खाली स्वयंपाकघरात जाणारी भोंग्याची वायर त्यांच्याच पायाशी होती.

पुढं ती कंपनीही गेली, खांबावरचे डबे उतरले. आता इंटरनेट कुठून येतं मला ठाऊक नाही, पण तारा गप्प आहेत. तुम्हाला हवी होती तशी शांतता आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही. सेट वर झाकून ठेवलाय. भोंगा भिंतीवरच आहे, ह्यांनी रंग देताना काढायला घेतला तर मी काढू दिला नाही. सून विचारतेय, आई, पत्राचं काय करायचं? काय करणार, पिठाच्या डब्यात ठेव, पाटीखाली.

एक राहिलं. ही रोज विचारते, भाकरी झाल्यावर उलथन्यानं तव्याला एवढं काय खरवडता? मी सांगते, पीठ जळतं गं. ठोकलं की टिक होतं, घासलं की लांब होतं, एवढं मला जमतं. हे वाक्य लिहिताना तिचा हात थांबलाय. लिही, बाई, थांबू नको. पीठ काही जळत नाही, मामंजी.